लाल रिबिनीची खुर्ची

उमाकांत भिंगारदिवे याला देवाने घडवलं ते शेजारी म्हणून, आणि चेन्नईजवळच्या तांबरमच्या चर्चने त्याला कोळी करायचं ठरवलं. माणसं धरणारा कोळी. सगळा घोटाळा झाला तो इथे.

शेजारी म्हणून माणूस नंबर एकचा. कुणाचा गॅस संपला, कुणाच्या पोराला ताप आला, कुणाला स्टेशनवरून सामान आणायचं असलं की उमाकांत सायकल काढून हजर. एअरफोर्स स्टेशनातल्या स्टोअरमध्ये तो स्टोअरकीपर होता. स्क्रू मागितला तर स्क्रू द्यायचा, वर चार शब्द बोलायचे नाहीत. तमिळही तेवढीच येत होती, स्टोअरपुरती. घरी बायको अलकनंदा, जालन्याची, तिच्या तोंडाला मात्र कुलूप नव्हतं. दोघांच्या वाटचं ती एकटीच बोलून टाकायची.

मूळ गाव नेवासे तालुक्यातलं. आजोबा सखाराम भिंगारदिवे ख्रिस्ती कीर्तनकार. एका हातात टाळ, खांद्यावर वीणा, गुडघ्यापर्यंत धूळ, आणि गावोगाव प्रभूची गोष्ट. उधळ्या मुलाचं आख्यान लावलं की बाया पदर डोळ्याला लावायच्या. बापाच्या जिवंतपणी वाटणी मागून घेणारा धाकटा, सगळं उधळून डुकरांच्या खोपटात पोचलेला, आणि रोज वाटेकडे डोळे लावून बसलेला बाप. आजोबा गाताना बाप व्हायचे. बरीच गावं त्यांना वेशीबाहेरच्या लिंबाखाली बसवून ऐकायची, ओट्यावर कुणी बोलवायचं नाही. पण आजोबांना त्याचं काही नाही. गायचे, पाणी प्यायचे ते स्वतःच्या तांब्यातलं, आणि पुढच्या गावाला निघायचे. नातवाकडे त्यांचा गळा आला, छाती काही आली नाही.

त्यामुळे त्सुनामीच्या पुढच्या वर्षी पास्टर ज्ञानराज यांनी खुर्च्यांची टूम काढली तेव्हा उमाकांतला वाटलं, आता आपली धडगत नाही.

पास्टरांना नावं ठेवायची सोय नाही, हे आधीच सांगतो. त्सुनामीनंतर तांदळाची पोती स्वतःच्या पाठीवर घेऊन किनाऱ्यावर गेलेला माणूस तो. इतके मृतदेह पाहून आला की पुढे कित्येक दिवस प्रार्थनेत आवाजच फुटत नव्हता. तेव्हापासून त्यांना घाई झाली होती. माणूस आज आहे आणि उद्या नाही, मग प्रभूची आज्ञा आपण कुणाच्या भरवशावर लांबणीवर टाकतो, असं ते कळवळून विचारायचे. आणि त्या कळवळ्यातून ही योजना निघाली. दर कुटुंबाशेजारी एक पांढरी प्लास्टिकची खुर्ची, तिच्या दोन हातांवरून आडवी बांधलेली लाल साटिनची रिबीन. त्या खुर्चीवर कुणी बसायचं नाही. तुम्ही ज्याला आणाल, तो बसेल. पाहुणा आला की पास्टर रिबीन कापणार, आणणाऱ्याने स्टेजवर जाऊन साक्ष द्यायची, मग पाहुण्याचा ताबा फॉलो-अप टीमकडे, आणि आणणाऱ्याला लगेच नवी खुर्ची, माणसं शोधायला नवी गल्ली.

ईस्टरपर्यंत पुढच्या रांगांतल्या रिबिनी पटापट कापल्या गेल्या. बोलणाऱ्याची माती विकली जाते, न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं. उमाकांतची रिबीन जिथल्या तिथे. दर रविवारी तो तिच्या शेजारी अंग चोरून बसायचा. उपासना संपल्यावर लोक हात मिळवायचे त्याच्याशी आणि बघायचे खुर्चीकडे. त्याला लाज वाटायची, आणि ती खोटी लाज नव्हती. त्याचा विश्वास पक्का होता. जे खरं आहे, जीव वाचवणारं आहे, ते आपल्या तोंडून निघत नाही, म्हणजे आपण भित्रे की नालायक, एवढाच प्रश्न त्याला उरला होता.

शेवटी चर्चने नेमून दिलेल्या गल्लीत तो गेला. बरोबरचा जोडीदार कोपऱ्यावरच्या घरात शिरला आणि उमाकांत एका जुन्या घराच्या गेटाशी एकटा उभा राहिला. तमिळ वाक्य घरून पाठ करून आणलं होतं. महाशय, तुमच्या मनाला शांती आहे का? ते पुन्हा पुन्हा घोकून त्याने बेल दाबली. ग्रिलमागे पांढरी वेष्टी नेसलेले, कपाळाला गंध लावलेले एक म्हातारे गृहस्थ आले. उमाकांतने वाक्य म्हटलं. म्हातारा ऐकून घेऊन हसला.

"तुमच्या तमिळाला मराठी वास येतो," ते म्हणाले. "मराठे की तुम्ही?"

ती मराठी उमाकांतने जन्मात ऐकली नव्हती. जुनी पोथी उठून बोलायला लागावी तशी. हे बाळकृष्णराव. पूर्वज तंजावरच्या मराठी राज्याबरोबर इकडे आले आणि इकडचेच झाले. स्वतः रेल्वेत गार्ड होते, आता निवृत्त. बायको सईबाई वारल्यापासून घरात मराठी बोलायला कुणी नाही. मुलगी कनका बँकेत, तिला तमिळ सोपी पडते.

"आंत या हो, आंत या. कनके, कॉफी टाक मा! मराठे आलेत!"

आता यात नवल काय, असं तुम्हाला वाटेल. पण उमाकांत उंबऱ्याशी थबकला. आजोबांना ज्या घरांनी ओट्यावर घेतलं नाही, तशा घरातला माणूस त्याला हाताला धरून आत नेत होता. डबऱ्यातून, म्हणजे खोलगट पितळी वाटीतून, वाफाळती कॉफी समोर आली. रावांनी गावाचं नाव विचारलं, वडिलांचं विचारलं, आजोबा काय करायचे विचारलं. कीर्तनकार म्हटल्यावर म्हातारा खुर्चीतून उठलाच. लहानपणी तंजावरला मठात ऐकलेली कीर्तनं त्यांना आठवली, आणि ते आतून चिपळ्या घेऊन आले.

"म्हणा कीं."

"रावकाका, आमचे आजोबा ख्रिस्ती. त्यांचं कीर्तन प्रभू येशूचं."

"कीर्तन तें कीर्तन. म्हणा."

उमाकांतने उधळ्या मुलाचं आख्यान लावलं. कित्येक वर्षांनी गळा मोकळा झाला. रावांनी चिपळ्या अशा धरल्या की जणू आजोबांबरोबर वेशीवर बसणारा साथीदारच. पाठ केलेलं पुढचं तमिळ वाक्य उमाकांत तेव्हा विसरला, ते पुन्हा आठवलंच नाही.

तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी तो तिथे. चर्चचं काम म्हणून निघायचा आणि कॉफी पिऊन, गाऊन, पोट दुखेस्तोवर हसून परत यायचा. जाताना दरवेळी ठरवायचा की आज बोलायचं. रावकाका, माझ्याबरोबर चर्चला चला, तिथे तुमच्यासाठी खुर्ची ठेवलीय. पण बोलणार कसं? बोललं की आतापर्यंतचे सगळे शनिवार त्या एका वाक्यासाठी होते असं होणार. आणि नव्हते का? पहिल्या दिवशी तो गेटाशी आला होता तो कशासाठी? हा विचार आला की कॉफी कडू लागायची. राव मात्र मजेत. त्यांना आख्यान नव्हे, त्यातली माणसं चघळायला आवडायची.

"धाकटा आला, जेवला, नाचला. सरी, बरें झालें," ते एकदा चिपळ्या खाली ठेवून म्हणाले. "पण थोरला? दिवसभर शेतांत राबून आला तो बाहेरच उभा राहिला. त्याला आंत कोणी घेतलें?"

"बाप बाहेर आला ना त्याला समजवायला."

"आला. मग तो आंत गेला कीं नाहीं?"

"ते सांगितलेलं नाही, काका. गोष्ट तिथेच संपते."

"बघा! अस्का घोळ, सगळा घोळ थोरल्याचाच. धाकटा लांब जाऊन अडकला, सुटला. हा बापडा घरींच अडकला. कामच करतो, काम. बापाशीं दोन शब्द बोलत नाहीं."

उमाकांत हसला खरा, पण परतताना ते वाक्य त्याच्याबरोबर सायकलवर बसून आलं. घरी त्याने अलकनंदाला सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"तुम्ही एक काय ते करा," ती म्हणाली. "बोलून टाका, नाहीतर जाणं बंद करा. तळ्यात-मळ्यात किती दिवस? त्या माणसालाही फसवताय आणि पास्टरांनाही."

"मी कुणाला फसवत नाही गं."

"मग स्वतःला फसवताय. तेही वाईटच."

श्रावण सरला तसा सुगीच्या सणाचा गाजावाजा सुरू झाला. तिकडच्या चर्चमध्ये हा सण मोठा. लोक भाज्या, नारळ, केळीचे घड, कोंबड्यासुद्धा घेऊन येतात, देवापुढे ठेवतात आणि मग अंगणात लिलाव होतो. वांग्याचा भाव ऐकून वांगंसुद्धा लाजेल. पास्टरांनी जाहीर केलं की यंदा सुगी माणसांची व्हायला हवी. सणाच्या रविवारी एकही रिबीन शिल्लक दिसता कामा नये.

उपासना संपल्यावर सायकलच्या स्टँडपाशी त्यांनी उमाकांतला गाठलं. खांद्यावर हात ठेवला. ते तमिळमध्ये बोलले, सावकाश, त्याला कळावं म्हणून.

"ब्रदर, तुम्ही शनिवारी एका घरी जाता म्हणे. वयस्कर माणूस आहे."

"जातो."

"त्यांना सांगितलंत?"

उमाकांतने वाकून सायकलचं कुलूप काढलं.

"ब्रदर, मी माझ्यासाठी विचारत नाही. समजा त्यांच्या घराला आग लागलीय. तुम्हाला दिसतेय, त्यांना दिसत नाही. आणि तुम्ही समोर बसून कॉफी पिताय. याला प्रेम म्हणायचं का?"

पास्टरांच्या डोळ्यांत पाणी होतं. तिथेच उमाकांत हरला. रागावले असते तर त्याने ऐकून घेतलं असतं, पण पाण्यापुढे काय करणार? आणि ते म्हणत होते त्यात खोटं तरी काय होतं? तो स्वतः तेच मानत होता. पास्टर म्हणाले, मीच येतो तुमच्याबरोबर, टीम घेऊन. ढोलकी, खंजिरी आणि डझनभर माणसं रावांच्या व्हरांड्यात शिरलेली उमाकांतला दिसली आणि तो घाईघाईने म्हणाला, "नको, नको. मी आणतो त्यांना. सणाला आणतो."

शब्द गेला. पुढच्या रविवारी स्टेजवरून घोषणाही झाली की आपले मराठी ब्रदर सणाला पाहुणा आणणार आहेत. टाळ्या पडल्या. आता धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. आणला तर दोस्ती विकली, न आणला तर आज्ञा मोडली, वर दिलेला शब्दही खोटा. देवापुढे गुडघे टेकले तरी काय मागावं ते त्याला कळेना. राव यावेत असं मागायला लागला की अर्ध्यातच उठायचा, येऊ नयेत असं मागायची तर हिंमतच नव्हती.

त्या शनिवारी तो गेला तो ठरवूनच. आख्यान झालं, कॉफी झाली. तो म्हणाला, "काका, आमच्याकडे सुगीचा सण आहे या महिन्यात. भाज्यांचा लिलाव होतो. मोठी गंमत असते. बघण्यासारखी."

"होय की? कोंबडींचाही लिलाव?" राव हसले. "कोविल, देऊळ कोणतें तुमचें? तें पाण्याच्या टाकीपाशीं?"

"तेच."

एवढंच. खुर्चीचं नाव त्याच्या जिभेवर आलं आणि परत गेलं. राव कपडे बदलायला आत गेले. कनका नुकतीच बँकेतून आली होती, ती व्हरांड्यात येऊन त्याच्यासमोर उभी राहिली. पर्सही खांद्यावरून उतरवलेली नव्हती.

"एक विचारूं?" ती तिच्या अडखळत्या मराठीत म्हणाली. "माझ्या ब्रांचमध्यें स्टेल्ला म्हणून आहे. तुमच्या कोविलाला येते. ती सांगते, तिकडे प्रत्येकाला एक खुर्ची देतात. रिकामी. लाल रिबिनीची. तुमची अजून रिकामी आहे."

उमाकांत उठून उभा राहिला.

"तुम्ही माझ्या अप्पांकडे कशाला येतां? त्या खुर्चीसाठीं येतां की? हो किंवा नाहीं, एवढेंच सांगा."

हो म्हणावं तर ते खोटं, नाही म्हणावं तर तेही खोटं. दोन्ही शब्द तोंडात तयार होते आणि दोन्हींत अर्धंच खरं होतं. देवाने स्टोअरकीपरला याहून अवघड काही मागितलं नसेल. हातातला डबरा त्याने हळूच कठड्यावर ठेवला.

"अम्मा गेल्यानंतर अप्पा पहिल्यांदा हसले ते तुम्ही आल्यावर," कनका म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मी देवाला नारळ वाढवला. तुमच्यासाठीं. कळलें की? आणि तुम्ही त्या खुर्चीसाठीं त्यांचें वजन करत होतां. आतां येऊं नका."

तिने ग्रिल उघडून धरलं. उमाकांत बाहेर पडला. आत रावांची काहीतरी गुणगुण चालू होती, त्यांचा निरोपही त्याला घेता आला नाही.

पुढच्या शनिवारी तो अलकनंदाबरोबर टी. नगरला गेला. साड्यांच्या दुकानात दोन हातांत पिशव्या धरून गर्दीत उभा राहिला. लोक धक्के देत होते आणि त्याला ते बरं वाटत होतं. अलकनंदाने एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग घासाघीस न करताच निघाली, यावरून काय ते समजा. त्याच्या पुढच्या शनिवारी तो सुट्टी असून स्टोअरमध्ये जाऊन बसला. पास्टरांना काही सांगायचं धाडस झालं नाही. पाहुणा येणार नाही हे सांगायचं तर का येणार नाही हेही सांगायला लागणार, आणि ते त्याला स्वतःलाच धड कळत नव्हतं.

सणाचा रविवार उजाडला. चर्च नारळाच्या झावळ्यांनी सजलेलं. उमाकांत परसातल्या केळीचा घड घेऊन गेला, तो पुढे ठेवला आणि आपल्या जागी येऊन बसला. शेजारी लाल रिबीन. अख्ख्या चर्चमध्ये आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या होत्या आणि त्यातली एक ही. पास्टर स्टेजवरून दोनदा त्याच्याकडे आणि दाराकडे बघून हसले. आशेने हसले, म्हणून जास्त लागलं. अलकनंदाने त्याच्या मनगटावर हात ठेवला. उठून जावं असं त्याला वाटत होतं, पण मधल्या रांगेतून उठायचं म्हणजे सगळ्यांचे गुडघे ओलांडायचे.

पहिलं गीत चालू असताना दाराशी गडबड झाली. उमाकांतने मान वळवली. पांढरी वेष्टी, वर गार्डच्या नोकरीतला काळा कोट, कपाळाला ठसठशीत गंध, आणि दोन्ही हातांत छातीशी धरलेला भला थोरला भोपळा. बाळकृष्णराव! दारातल्या माणसाला ते तमिळमध्ये मोठ्यांदा विचारत होते, "भिंगारदिव्यांची खुर्ची कुठली?" बाहेर रिक्षाला टेकून, हाताची घडी घालून कनका उभी होती. ती आत आली नाही.

राव रांगेतून गुडघे ओलांडत आले. भोपळा अलकनंदाच्या मांडीवर दिला. रिबीन कापायची असते हे त्यांना काय माहीत! त्यांनी ती पायजम्याच्या नाडीसारखी ओढून सोडवली, घडी करून कोटाच्या खिशात टाकली आणि बसले. चर्चमध्ये एकच हालेलुया झाला.

"काका," उमाकांत म्हणाला. "काका, तुम्हाला... कनकाने सांगितलं?"

"सांगायला कशाला हवें? भिंत पातळ, मजला अस्कें ऐकूं आलें." राव त्याच्या कानाशी वाकले. "आणि त्याच्या आधींही ठावें होतें. पहिल्या दिवशीं तुम्ही गेटाशीं उभे राहून तोंडांतल्या तोंडांत तमिळ पाठ करत होतांत. मी खिडकींतून बघत होतों. रेल्वेंत आयुष्य गेलें, दारावर कोण कशाला येतो तें कळतें हो."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललों असतों, आलों असतों, तर तुमचें काम झालें असतें. मग शनिवारीं कोण येणार?" म्हातारा समोर बघत म्हणाला. "म्हणून नाहीं आलों. आतां तुम्हीं येणेंच बंद केलेंत. मग म्हटलें, खुर्चीवर बसून बघूं."

उमाकांतच्या डोळ्यांपुढचं चर्च पुसट झालं. इतके दिवस त्याला वाटत होतं की पिंजऱ्यात तो एकटाच आहे. आणि इथे त्याच्यामुळे दुसराही माणूस दर शनिवारी गजाआड बसून हिशेब करत होता, चर्चला आलो तर हा जाईल, न आलो तर येत राहील.

पास्टरांनी त्याला स्टेजवर बोलावलं, मिठी मारली आणि माइक हातात दिला. साक्ष द्या, ब्रदर. समोर सगळं चर्च. उमाकांतने त्याच्या स्टोअरच्या तमिळमध्ये जमेल तेवढं खरं सांगून टाकलं. "हे माझे मित्र आहेत. मला खाली बघायला लागू नये म्हणून आलेत. प्रभूसाठी नाही आले. माझ्यासाठी आले. यात माझी काही कमाई नाही."

मग पास्टरांनी दोन्ही हात वर केले. "बघा, काय नम्रता! ब्रदर श्रेय घेत नाहीत!" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. खरं बोलूनही सुटका नाही, असं असतं कधी कधी. खऱ्याच्याच गळ्यात हार घालतात आणि त्याला मिरवतात.

बाहेर अंगणात लिलाव सुरू झाला. रावांच्या भोपळ्याला उदंड मागणी आली आणि ते प्रत्येक बोलीला लहान मुलासारखे टाळ्या वाजवत होते. तेवढ्यात फॉलो-अप टीमची दोन तरुण मुलं आली, हसतमुख, इस्त्रीच्या शर्टातली. अंकल, आम्ही तुमच्याकडे शनिवारी संध्याकाळी येऊ, बायबलचे धडे द्यायला.

"शनिवारीं मजला सवड नाहीं," राव म्हणाले. "शनिवारीं दुसरे येतात." आणि उमाकांतकडे न बघता रिक्षाकडे चालू लागले.

पास्टर नवी खुर्ची घेऊनच आले होते. नवी कोरी लाल रिबीन, सेलैयूरच्या बाजूची गल्ली, वेळ शनिवार संध्याकाळ. "पीक उदंड आहे, ब्रदर. रावांना आता टीम सांभाळेल."

उमाकांतने खुर्चीला हात लावला नाही. "पास्टर, शनिवार नको."

"मग रविवारी दुपारी?"

"खुर्चीच नको."

पास्टरांचा चेहरा उतरला. ते रागावले नाहीत, त्यांना दुखलं. "आज्ञा माझी नाही, ब्रदर," एवढंच हळू म्हणाले. उमाकांतला ते ठाऊक होतं. आज्ञा कुणाची हे त्याला आजोबांच्या टाळापासून ठाऊक होतं. आपण ती मोडली की पाळली, हे मात्र त्याला त्या अंगणात उभं राहून सांगता आलं नसतं, आणि पुढेही कधी छातीठोकपणे सांगता आलं नाही. पुढच्या रविवारपासून तो आणि अलकनंदा मागच्या रांगेत बसू लागले, तिथे खुर्च्या ठेवत नसत. हात मिळवणारेही तिथवर फारसे येत नसत.

शनिवारी तो सायकल काढून त्या गल्लीत गेला. ऊन अजून उतरलं नव्हतं. गेटाशी या वेळी काही पाठ करायचं नव्हतं, म्हणून तर बेल दाबायला जास्त वेळ लागला. ग्रिलला कुलूप होतं. बेल वाजवल्यावर कनका आली. किल्ली हातात होती, पण हात खालीच.

"आतां कशाला आलांत?" तिने विचारलं. "खुर्ची भरली न तुमची?"

"भरली," उमाकांत म्हणाला. "दुसरी घेतली नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्याकडे सांगण्यासारखं खरोखरच आणखी काही नव्हतं. आतून चिपळ्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

"कनके, कोण तें?"

कनकाने मागे वळून पाहिलं.

"थोरला असेल," आतून राव म्हणाले. "उन्हांत उभा करूं नको मा. आंत घे त्याला."

कनकाने कुलूप काढलं. उमाकांतने चपला काढल्या, डोळे पुसायला तसाच जरा बाहेर थांबला, आणि मग आत गेला.